वहीच्या मागच्या बाजूची माणसे

गेल्या गुरुवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास नंदाखाल गावच्या घरी, मागच्या पडवीतल्या आरशापुढे दाढी करताना तू खाली पडलास. सव्वासातला आगाशीहून आलेल्या डॉक्टरांनी तू गेल्याचे सांगितले. दाखल्यावर हृदयविकाराचा झटका असे कारण आहे. शुक्रवारी चार वाजता मिस्सा झाली आणि साडेपाचपर्यंत दफन आटोपले.

शनिवारच्या अंकात तुझ्यावर अकरा ओळी आल्या. त्या मीच लिहिल्या होत्या. शिक्षण, हुद्दा, रुग्णालय, मागे कोण कोण आहे, हे सगळे त्यांत आले, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. बारावी ओळही होती: 'त्वचेच्या कर्करोगावरील त्यांच्या संशोधनाला मान्यता मिळाली होती.' उपसंपादकाने जागेसाठी ती कापली. कापली ते बरे झाले, कारण ते वाक्य बरोबर नव्हते. कोणते संशोधन, आधीचे की नंतरचे, हे त्यात नव्हते. मान्यता मिळाली होती ती आधीच्याला.

आपण शाळेत एका बाकावर सात वर्षे बसलो. तू नंदाखालच्या केळीच्या वाडीतला, मी खाडीकाठच्या भातशेतीतला. पुढे तू कर्करोगाचा सर्जन झालास आणि मी बातमीदार. दोघांचे काम मुंबईत, दोघांचा रविवार इथे. त्यामुळे मला तुझे काम कळत गेले ते रविवारांतून, तुकड्यातुकड्याने. ते कधी सलग लिहून काढले नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तू माणसांच्या तळपायांकडे बघायचास. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पंगतीला बसलेल्या माणसांच्या मागून तू एक फेरी मारलीस, आणि ती वाढण्यासाठी नव्हती. माझ्या आईने ते पाहिले.

"पास्कल, जेव की रे. पानाकडे बघायचं सोडून पायांकडे काय बघतोस?"

"काकी, तुमच्या डाव्या टाचेवर काळं काय आहे?"

"बिब्बा घातलाय. काटा मोडला होता."

"कधी घातला?"

"झाले असतील पंधरा दिवस."

"पुढच्या महिन्यात येऊन बघतो."

"ये हो. लोक मुलगी बघायला येतात, तू माझी टाच बघायला ये."

तू खरोखरच आलास. डाग गेला होता. तू 'ठीक' म्हणालास, चहा प्यालास आणि गेलास. आईने ही गोष्ट शेजारपाजारी वर्षभर सांगितली.

त्याच्या आदल्या वर्षी मिठागरावरचा एक मजूर तुझ्या वॉर्डात आला होता. त्याच्या उजव्या तळपायावर काळा डाग होता आणि जांघेत लिंबाएवढी गाठ. पायाला काही लागले की जांघेत अवधाण येते हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते, म्हणून गाठीकडे कोणी लक्ष दिले नव्हते. डागाकडेही नाही. काटा मोडला, कुरूप झाले, माशाचे हाड रुतले, की आपल्याकडे बिब्बा तापवून, सुई टोचून, त्याच्या तेलाचा चटका तळपायाला देतात. तुझ्या घरी देत, माझ्याही घरी देत. चटक्याने कातडी काळी पडते. म्हणजे वसईच्या पट्ट्यात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवर काळा डाग दिसला तर तो कसला, हे विचारायची गरजच नव्हती. त्या मजुराला त्याच्या सासूने तीन वेळा बिब्बा घातला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनेही डाग पाहून 'बिब्बा घातलात वाटतं' एवढेच विचारले होते, आणि त्याने 'हो' म्हटले होते. ते खरेही होते. तो चार महिन्यांत गेला.

मेलॅनोमा हा शब्द मी तेव्हा तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकला. रंग धरणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो पाठीवर नाही तर पोटरीवर निघतो, आपल्याकडे बहुधा तळपायावर, असे तू सांगितलेस. मग एक साधा नियम सांगितलास. कातडी झडते, तिच्याबरोबर बिब्ब्याचा डागही झडतो. महिन्या-दीड महिन्यात गेला नाही, तर तो बिब्बा नव्हे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी या नियमाची बातमी केली. माझा मथळा होता: 'तळपायावरचा डाग महिन्यात न गेल्यास दाखवा'. छापून आला तो असा: 'तळपायावर काळा डाग? कर्करोग!' मथळे मी ठरवत नाही, हे मी तुला तेव्हाही सांगितले आणि तुला ते तेव्हाही पटले नाही.

त्या रविवारी नंदाखालच्या चर्चच्या आवारात, जिथे तू मिस्सेनंतर तासभर गावातले रोगी बघायचास, तिथली रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. माणसे हातात चपला घेऊन उभी होती. तू मला टेबलाशी बोलावलेस.

"यशा, हे तुझे वाचक. तू टाचा पूस, मी बघतो."

मी स्पिरिटच्या बोळ्यांनी दुपारी दोनपर्यंत टाचा पुसल्या. सगळे बिब्बे. काही ओले होते. रांगेत उभे राहण्याआधी खात्री म्हणून लोकांनी पुन्हा घालून घेतले होते.

दोनच्या पुढे पाचूबंदरहून दोन बायका आल्या. दोघी सख्ख्या जावा. डाग थोरलीच्या पायावर होता. धाकटी, मार्था, नुसती सोबतीला आली होती. थोरलीचा बिब्बाच निघाला. ती चप्पल चढवत असताना मार्था बाकावर पाय वर घेऊन बसली, आणि तू टेबलावरून वाकून बघितलेस.

"तुझ्या पायाला काय झालंय, बाय?"

"माज्या? काय नाय. काटा लागलेला कुपा माशाचा. बिब्बा घातला."

"कधी?"

"गेल्या पावसात."

तेव्हा मे चालू होता. तू पेन खाली ठेवलेस. थोरली जाऊ हसत होती. "दाखवाला आली मी नि धरली हिला! चल गे, तुजाच नंबर लागला."

मथळ्यावरून तू माझ्याशी तीन आठवडे बोलला नाहीस. मथळा तसा नसता तर मार्थाबाय त्या बाकावर आली नसती, हे मी तुला नंतर दोनदा सांगितले. तू दोन्ही वेळा म्हणालास, "तो योगायोग. पद्धत नव्हे."

तू मार्थाबायच्या टाचेचा डाग रुंद काढलास आणि मांडीची कातडी तिथे लावलीस. त्याच वेळी उजवी जांघ उघडून आतल्या सगळ्या गाठी काढल्यास. त्या गाठी सुजलेल्या नव्हत्या. हाताला काही लागत नव्हते. नंतर सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांत काही सापडले नाही. मी विचारले, मग काढल्या कशाला?

तू समजावून सांगितलेस ते मी तेव्हा टिपून घेतले होते. पायाकडून वर जाणारे सगळे जांघेतल्या गाठींतून जाते. त्या गाठी म्हणजे जकात नाका. रोग पायातून निघाला की आधी तिथे अडकतो, तिथून पुढे फुप्फुसात, यकृतात. नाक्यावर माल दिसायची वाट बघत बसलो तर उशीर झालेला असतो. म्हणून नाकाच उचलून टाकायचा, मालासकट. तू यावर निबंध वाचला होतास. परदेशातल्या नियतकालिकांत दोन्ही बाजूंनी लिहिले जात होते, पण आपल्याकडे तुझी बाजू सर्वांनी धरली. तुझ्या हाताखाली शिकलेली मुले ठिकठिकाणी जांघा उघडत होती.

मी त्या वर्षांत किनाऱ्यावरच्या तस्करीच्या बातम्या करत होतो. म्हणालो, "पास्कल, ज्याला माल पुढे न्यायचाच असतो तो नाक्यावरून नेत नाही."

तू हसलास. मग म्हणालास, "तू तुझ्या होड्यांचं लिही."

आपला वाद इथून सुरू झाला. तो संपला नाही.

सहा महिन्यांत मार्थाबायचा पाय सुजला. गाठी काढल्या की पायातले पाणी वर चढायला वाट राहत नाही. काहींचा पाय सुजतो, काहींचा नाही. तिचा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खांबासारखा झाला. आपल्या किनाऱ्यावर असा पाय दिसला की लोक एकच नाव घेतात. नगरपालिकेचा हत्तीरोगवाला येऊन तिचे रक्त घेऊन गेला आणि यादीत नाव चढवून गेला. लिलावाला होड्या लागल्या की बायका गुडघाभर पाण्यात जाऊन टोपल्या घेतात; तिला ते जमेना. तिची जागा थोरल्या जावेने घेतली. मार्थाबाय घराच्या ओट्यावर बसून सुके बोंबील निवडू लागली. येणारेजाणारे बघत. ती प्रत्येकाला सांगे, "हत्तीपाय नाय ह्यो. डॉक्टरनं जांघ उघडली त्याचा हाय. जीव हाय, पाय नाय."

मुंबईला तपासणीसाठी पुन्हा कोणी येत नसे. गाडीभाडे, बुडालेला दिवस, आणि दुखत नसेल तर जायचे कशाला. म्हणून तू रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलास. आधी सायकलवर, पुढे स्कूटरवर. खिशात शिंप्याची टेप आणि कापडी बांधणीची जाड वही. पाचूबंदर, कळंब, मिठागरांच्या वस्त्या. टाच बघायची, जांघ चाचपायची, पोटरीचा घेर मोजायचा, लिहायचे. मी बऱ्याचदा बरोबर असे. मला बातमी नको होती. स्कूटरवर मागे बसून बोलायला बरे पडे, एवढेच.

पण मार्थाबायचा पाय किनाऱ्यावर सगळ्यांनी बघितला होता, आणि लोक नकार देऊ लागले. टाच कापायला तयार, जांघ नाही. कळंबचा एक होडीवाला तुझ्यासमोर बसला होता, ते मला शब्दशः आठवते.

"डॉक्टर, टाच काप. पन वर नको जाऊ. मार्थाबायसारका पाय घेऊन मी होडीत कसा चढू?"

"जिवापेक्षा होडी मोठी झाली?"

"होडीत चढाला नाय आलं, तर जीव घेऊन करू काय?"

"मग मर," तू म्हणालास. असे तू बोललेले मी एकदाच ऐकले. त्याने टाच कापून घेतली आणि जांघ उघडू दिली नाही.

अशा लोकांची नावे तू त्याच वहीत लिहायचास, पण वही उलटी करून, मागच्या बाजूने.

"हे वेगळे का?"

"हे मोजायचे नाहीत. यांनी अर्धाच उपचार घेतलाय."

"मग लिहितोस कशाला?"

"मोजायचे नाहीत म्हणून काय फेकून द्यायचे?"

तू त्यांच्याकडेही रविवारी जात होतास. जांघ चाचपत होतास. गाठ लागली तर तेव्हा काढत होतास. त्यांतले काही गेले. पुढच्या पानांवरचेही काही गेले, साफ केलेल्या जांघांसकट, फुप्फुसाच्या रोगाने. प्रत्येक नावापुढे तू बारीक अक्षरात तारीख घालायचास आणि आडवी रेघ मारायचास. कळंबच्या होडीवाल्याच्या नावावर अजून रेघ नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपल्यावर, तुझ्या ओटीवर तू ती वही माझ्यापुढे ठेवलीस.

"पुढची बाजू बघ. मग मागची. फरक दिसतो का सांग."

"मी डॉक्टर नाही."

"म्हणूनच विचारतो."

मी दोनदा मोजले. आकडे इथे देत नाही. ते तुझे आहेत आणि अजून छापून यायचे आहेत. फरक दिसत नव्हता. जांघ आधी उघडलेली माणसे, आणि गाठ लागेपर्यंत थांबलेली माणसे, सारख्याच प्रमाणात जगली होती आणि सारख्याच प्रमाणात गेली होती. डागाची खोली जास्त तर माणूस लवकर जात होता, जांघ उघडलेली असो वा नसो. पोटरीच्या घेराच्या रकान्यात मात्र फरक होता. तो कोणालाही दिसला असता.

"हा पुरावा नाही," तू लगेच म्हणालास. "ही माणसं मी निवडलेली नाहीत. ज्यांचा डाग उथळ होता त्यांनीच नाही म्हटलं असेल, तर? एकसारख्या खोलीचे डाग जोडीजोडीने लावून बघतोय."

"आणि?"

"आणि तेच दिसतंय."

मी खिशातून पेन्सिल काढली. तू माझ्या हाताकडे बघून म्हणालास, "हे छापायचं नाही. आधी त्यांना सांगतो."

पुढच्या रविवारी आपण पाचूबंदरला गेलो. मार्थाबाय ओट्यावर होती, पाय पाटावर. तू तिच्यासमोर खाली बसलास. पायाचा घेर मोजलास. टेप गुंडाळून खिशात ठेवलीस आणि सांगितलेस, की टाच कापणे गरजेचे होते, त्यात चूक नाही. पण जांघेतल्या गाठी तेव्हा काढल्या त्या बहुधा काढायला नको होत्या.

ती बोंबील निवडायची थांबली नाही.

"मग आता काय, परत लावतोस काय काढलेल्या?"

"नाही."

"आनि नसत्या काढल्या, तर मी जगली असती, ह्ये तुला नक्की ठावं हाय?"

"नक्की नाही. बहुतेक."

"नक्की नाय त्ये सांगाला इतक्या लांब आलास?"

थोरली जाऊ दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "मार्थे, डॉक्टर चुकी कबूल करतो हाय. च्या तरी दे."

"च्या तूच ठेव. माजा पाय दुकतो."

मग मार्थाबायने पहिल्यांदा तुझ्याकडे नीट बघितले. "तुज्या हाताकाली शिकलेली पोरं हायत ना? तीबी असंच कापत असतील."

"हो."

"मग हितं काय बसलास?"

तू तिथे चहा घेतलास.

त्यानंतरची दोन वर्षे आपला वाद एकाच मुद्द्यावर होता. नवा निबंध तू लिहायला घेतला होतास, पण संपवत नव्हतास. आणखी दोन वर्षे रोग्यांवर नजर ठेवायची होती. आणखी काही जोड्या लावायच्या होत्या. आधीचा निबंध मी घाईत वाचला, म्हणायचास, दुसरा घाईत वाचणार नाही. मी म्हणायचो, तोवर तुझ्याच वॉर्डात महिन्याला जांघा उघडल्या जातायत. तू म्हणायचास, आणि मी सांगितल्यावर त्या थांबल्या, आणि मीच चुकीचा निघालो, तर त्यातून जे मरतील त्यांच्या घरी कोण जाईल? तू? तरीही मी वाद थांबवला नाही.

तू जाण्याच्या अकरा दिवस आधीच्या रविवारी मी तुझ्या ओटीवर होतो. वेळ सकाळी अकराची. तू वर्तमानपत्र वाचत होतास. मी पुन्हा तोच विषय काढला, आणि तू पुन्हा 'थोडं थांब' म्हणालास. मी म्हणालो, "तुला खात्री हवी आहे, पास्कल, आणि तिची किंमत तू दुसऱ्यांच्या पायांनी चुकवतोयस."

तू वर्तमानपत्राची घडी घातलीस.

"चहा घेतोस?"

मी नको म्हटले आणि निघालो. आपल्यातले हे शेवटचे बोलणे.

ते वाक्य मी आदल्या रात्री तयार केले होते. बोलण्याच्या ओघात आलेले नव्हते. हे तुला सांगायचे राहिले.

शुक्रवारी चर्चमध्ये मी खांबापाशी उभा होतो. पाचूबंदरहून मार्थाबाय आणि तिची जाऊ आल्या होत्या. एसटीने आगाशीपर्यंत आणि पुढे टांग्याने. मार्थाबायला गुडघा वाकवता येत नाही, म्हणून ती बाकाच्या कडेला पाय मधल्या वाटेत सोडून बसली. जाणाऱ्या एका बाईने विचारले, "हत्तीपाय झालाय का हो?" मार्थाबाय म्हणाली, "नाय. ह्या मयताचाच हाय." ती बाई पुढे गेली. मिस्सा संपेपर्यंत मार्थाबाय माळ ओढत होती. मातीची मूठ टाकायला ती कबरीपर्यंत आली. बाकीच्यांना थांबावे लागले, ते थांबले.

रेजिना वहिनींनी मला बाजूला बोलावले. "त्या रविवारी तुम्ही चहा न घेता गेलात. काय झालं होतं?"

"वाद झाला होता. ते काही बोलले का नंतर?"

"नाही. जेवले, झोपले."

वही त्यांनी माझ्या हातात दिली आणि रुग्णालयात पोचवायला सांगितली. सोमवारी मी ती घेऊन गेलो. तुझी सहायक डॉ. सुलभा तुझ्या खोलीत कागद लावत होती. तिने वही घेतली, पुढून उघडली, मग उलटी करून मागून उघडली. तिला पद्धत माहीत होती. मग म्हणाली, "तुम्ही हे बघितलं नसेल," आणि वॉर्डातले आदेशांचे रजिस्टर आणून माझ्यापुढे ठेवले.

तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, पाच ओळी आहेत. तळपायाच्या मेलॅनोमाच्या रोग्याची जांघ, गाठ हाताला लागत नसेल तर, उघडायची नाही. दर महिन्याला तपासायची. रोगी येत नसेल तर आपण जायचे. गाठ लागली तर त्याच आठवड्यात काढायची. पूर्वीची सूचना रद्द.

खालची तारीख शुक्रवारची आहे. आपल्या शेवटच्या रविवारच्या दोन दिवस आधीची.

मी तारीख पुन्हा वाचली. सुलभाला विचारले, ती नंतर घातलेली नाही ना. ती म्हणाली, तिच्यासमोर घातली, आणि खाली परिचारिकेची त्याच दिवसाची सही आहे. सही होती.

"मला बोलले नाहीत," मी म्हणालो.

"सरांनी सांगितलं होतं, वर्तमानपत्राला कळवू नका."

"माझं नाव घेतलं होतं?"

"नाही. पण वर्तमानपत्र म्हणजे तुम्हीच की."

म्हणजे त्या रविवारी मी जे मागत होतो ते तू करून बसला होतास, आणि माझे वाक्य ऐकून घेऊन चहा विचारलास. का सांगितले नाहीस, याची माहिती माझ्याकडे नाही. एखादा दुसरा मथळा तुला नको असेल. किंवा मी जे बोललो ते मागच्या दोन वर्षांपुरते खरे आहे असे तुला वाटले असेल, आणि त्याला उत्तर द्यायचे नसेल. किंवा सांगणारच होतास आणि मी उठलो. तिन्ही अंदाज आहेत. मी अंदाज छापत नाही.

निबंध टंकलिखित होऊन आला आहे. शेवटच्या पानावर तुझ्या दुरुस्त्या आहेत. पहिले वाक्य मी वाचले: 'प्रस्तुत लेखकाने पूर्वी मांडलेले मत टिकत नाही, असे दिसते.' 'असे दिसते' हे दोन शब्द तू आधी खोडलेस आणि मग पुन्हा लिहिलेस. दुरुस्त्या उतरवून सुलभा तो पाठवणार आहे. निबंधाच्या शेवटी आभार आहेत. ज्या रोग्यांनी नकार दिला त्यांचे, नावांशिवाय. माझे नाव नाही. नसावे, तेच योग्य.

आता आदेशाबद्दल. तो तुझ्या पथकापुरता होता. पथक सोमवारपासून दुसऱ्या सर्जनकडे गेले. ते तुझेच जुने विद्यार्थी, तुझा पहिला निबंध ज्यांना तोंडपाठ आहे त्यांतले. नवा त्यांनी वाचलेला नव्हता. तुझा आदेश पाळणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. मी कार्यालयात विचारून घेतले. सोमवारी दुपारी सुलभाने रजिस्टर आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी पाचपर्यंत ती दोन्ही तिथेच होती, आणि ते वाचत होते, एवढे तिने दारातून पाहिले. मंगळवारच्या शस्त्रक्रियांच्या यादीत नंदाखालचीच एक बाई होती, सुपारीच्या वाडीत काम करणारी. उजवी टाच, दीड वर्षाचा डाग, जांघेत काही लागत नाही. यादीत तिच्या नावापुढे, जुन्या पद्धतीने, 'टाच व जांघ' असे टाइप केलेले होते.

काल, मंगळवारी, सकाळी साडेनऊला तिला आत नेले आणि साडेअकराला बाहेर आणले. शस्त्रक्रियेची नोंद मी परिचारिकेकडून आणि डॉ. सुलभाकडून, अशी दोन ठिकाणी पडताळून घेतली. टाचेचा डाग काढला. मांडीची कातडी लावली. यादीतला 'व जांघ' हा भाग शाईने खोडलेला होता, आणि बाजूला सर्जनची आद्याक्षरे होती.